अत्याचारपीडित मुलांचे मन सावरताना : योग्य उपचार कोठे आणि कसा शोधावा?

खास प्रतिनिधी

वेंगुर्ले : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, की घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. गुन्हेगाराला शिक्षा कशी होणार, हा पहिला; आणि आपल्या मुलाचे पुढे काय होणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी पोलीस ठाणे आहे, न्यायालय आहे, वृत्तपत्रांचे मथळे आहेत. दुसरा प्रश्न मात्र बहुधा घराच्या चार भिंतींतच घुटमळत राहतो. ‘एकदा निकाल लागू दे, मग बघू’ किंवा ‘लहान आहे, विसरून जाईल’ असे म्हणून मुलाच्या मनावरील उपचार पुढे ढकलले जातात. मानसोपचाराच्या क्षेत्रातील अनुभव आणि संशोधन नेमके याच्या उलट सांगते. खटला आपल्या गतीने चालेल. मुलाचा उपचार त्यासाठी एक दिवसही खोळंबता कामा नये.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालअत्याचारांविषयीचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी संवाद साधण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक वा अधिक प्रकारे अनुभव आल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातील होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. प्रश्न केवळ महानगरांचा नाही, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

ओळखीच्या गावातील अडचण

रेडीपासून निवतीपर्यंत पसरलेल्या वेंगुर्ले तालुक्यात माणसे एकमेकांना घराण्यासकट ओळखतात. एरवी आधार वाटणारी ही ओळख अशा प्रसंगी मात्र पायातील बेडी ठरते. ‘गावात कळला तर काय होतला?’ या एका प्रश्नापाशी अनेक घरांतील चर्चा थांबते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता, आरोपी भावकीतला असेल तर घर फुटण्याची भीती, शिक्षक किंवा शेजारी असेल तर ‘तो तसा माणूसच नाही’ हा गावाचा निर्वाळा.

दुसरी अडचण लक्षणे ओळखण्याची. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, रात्री दचकून उठते, आईचा पदर सोडत नाही. शाळकरी मुलाचे पोट वरचेवर दुखते, अभ्यास अचानक घसरतो, एखाद्या विशिष्ट घरी किंवा शिकवणीला जाण्यास ते निकराने नकार देते. किशोरवयीन मुले एकलकोंडी होतात, संतापतात, स्वतःला इजा करून घेतात. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे अत्याचार झालाच, असे नव्हे. मात्र ‘बाहेरची बाधा’ समजून महिनोन्‌महिने उतारे करण्यात वेळ जातो, तेव्हा हातचा काळ निसटतो. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे; त्याने आईवडिलांना धीर मिळत असेल तर ते जरूर करावे. पण दवाखान्याची पायरी त्यासाठी टाळू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील तीन संशोधकांनी १९९३ साली या विषयावरील ४५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अत्याचार झालेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांत कोणतेही दृश्य लक्षण आढळले नव्हते. म्हणजे मूल हसते-खेळते आहे म्हणून तपासणीची गरज नाही, असे मानता येत नाही. त्याच आढाव्यात दिलासा देणारी बाबही होती : सुमारे दोनतृतीयांश मुलांची स्थिती पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत सुधारली होती. आईचा पाठिंबा न मिळालेल्या मुलांत त्रास अधिक दिसला. घरच्यांच्या वागण्याचा मुलावर परिणाम होतो, असे यावरून दिसते.

पहिले चार शब्द

मूल प्रथम सांगते त्या क्षणी पालकांच्या तोंडून काय निघते, याला म्हणूनच महत्त्व आहे. ‘तू सांगितलेस हे फार बरे केलेस’, ‘यात तुझी काही चूक नाही’, ‘आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवतो’, ‘यापुढे तुला जपण्याची जबाबदारी आमची’ ही चार वाक्ये पुरेशी आहेत. ‘तू तिथे गेलासच कशाला?’, ‘इतके दिवस का बोलली नाहीस?’ हे प्रश्न मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

मुलाची उलटतपासणी घरात घेऊ नये. काका, मामा, आजी, मुंबईहून फोन करणारी आत्या अशा प्रत्येकासमोर त्याला तीच कहाणी पुन्हा सांगायला लावणे, हा दुसरा अत्याचारच ठरतो. मुलाने जे जसे सांगितले ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून ठेवावे. पुढे पोलिसांना व डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. घटना नुकतीच घडली असेल तर वैद्यकीय तपासणीस विलंब करू नये. एचआयव्हीचा प्रतिबंध करणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

कायदा पालकांच्या बाजूने

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील मुलगी आणि मुलगा या दोघांनाही तो सारखेच संरक्षण देतो. गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे या कायद्यान्वये बंधनकारक आहे. डॉक्टर आणि समुपदेशकही त्याला अपवाद नाहीत. ‘हे आपल्यातच ठेवा’ असे त्यांना सांगून उपयोग नाही, हे पालकांनी आधीच जाणून असावे. अशा प्रकरणांत गावकीच्या बैठकीत तडजोड करण्यास कायद्यात स्थान नाही.

तक्रारीची भीती वाटते ती मुलाला होणाऱ्या त्रासामुळे. तो कमी व्हावा अशा तरतुदी कायद्यातच आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्हा नोंदला गेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. साक्ष देताना मूल आरोपीच्या नजरेस पडू नये याची दक्षता न्यायालय घेते आणि सुनावणी बंद दालनात होते. मुलाची ओळख उघड करणे हा प्रसारमाध्यमांसाठीही गुन्हा आहे.

पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला माहिती द्यावयाची असते. २०२० च्या नियमांनुसार ही समिती मुलासाठी ‘साहाय्यक व्यक्ती’ नेमू शकते. तपासापासून निकालापर्यंत कुटुंबाच्या सोबत राहणे, प्रत्येक टप्प्याची माहिती देणे आणि उपचार व समुपदेशनाशी गाठ घालून देणे, हे तिचे काम. ही व्यवस्था प्रत्यक्षात उभी करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२३ रोजी दिले. अनेक पालकांना या तरतुदीचा पत्ताच नसतो. समितीपुढे गेल्यावर ती मागून घ्यावी.

निकालाची वाट का पाहू नये?

विशेष न्यायालयाने शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण करावा, असे कायदा म्हणतो. इतिहास मात्र वेगळा आहे. शेजारच्या गोव्यात मडगाव येथील अनाथाश्रमचालक फ्रेडी पीट्स याला १९९१ साली अटक झाली. शिक्षा लागण्यास १९९६ उजाडले. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवारागृहातील अत्याचार २००१ साली उघड झाले. २००६ मध्ये आरोपींना शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष मुक्तता आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शिक्षा कायम, असा हा प्रवास झाला. तक्रारीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल तोवर वीस वर्षांचे झाले असणार.

बदलापूर येथील शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र हादरला. २० ऑगस्टला संतप्त जमावाने रेल्वे रोखून धरली, तर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांच्या दिरंगाईबद्दल ताशेरे ओढले. मुख्य आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला आणि त्याच्याविरुद्धच्या आरोपांवर न्यायालयाचा निकाल येण्याचा प्रश्नच उरला नाही. ‘निकाल लागला की मूल सावरेल’ हा हिशेब किती कच्चा आहे, ते यावरून कळावे.

उपचार सुरू केल्यास मुलाची साक्ष ‘पढवलेली’ ठरेल, अशी भीती काहींना वाटते. समुपदेशकाचे काम तपास करण्याचे नसते. मुलाला साक्षीतील उत्तरे शिकविणे हाही उपचाराचा भाग नव्हे. उपचार सुरू असल्याचे सरकारी वकिलांना मोकळेपणाने सांगावे, दडवू नये.

कोणता उपचार गुणकारी?

अशा मुलांसाठी सर्वांत अधिक पुरावा असलेली पद्धत म्हणजे आघातकेंद्री बोधनिक-वर्तन उपचारपद्धती. तज्ज्ञ तिला ‘टीएफ-सीबीटी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर या अमेरिकेतील तज्ज्ञांनी ती विकसित केली. तीन ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ती वापरली जाते. साधारणपणे आठवड्यातून एक याप्रमाणे बारा ते सोळा बैठका होतात. गुंतागुंत असल्यास त्या वाढतात.

या उपचारात काय होते, हे पालकांना ठाऊक असल्यास भीती निम्मी होते. प्रथम मुलाला आणि पालकांना समजावून सांगितले जाते, की भीती, दचकणे, चीड हे वेडाचे लक्षण नसून आघाताचा स्वाभाविक परिणाम आहे. नंतर श्वसनाचे व शरीर शिथिल करण्याचे सोपे प्रकार, भावनांना नावे देणे, ‘माझ्यामुळेच झाले’ यांसारखे चुकीचे विचार ओळखणे शिकविले जाते. मुलाची तयारी झाल्यावरच त्याला घडलेल्या प्रसंगाविषयी थोडे थोडे बोलण्यास, लिहिण्यास किंवा चित्रातून मांडण्यास साहाय्य केले जाते. शेवटी आईवडिलांसमवेत एकत्र बैठक होते आणि पुढील सुरक्षिततेचे धडे दिले जातात. पालकांच्याही बैठका बरोबरीने चालतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

लैंगिक अत्याचार झालेल्या २२९ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पद्धत सर्वसाधारण समुपदेशनापेक्षा सरस ठरली. मुलांची भीती, उदासी आणि लाज कमी झाली. पालकांचा मानसिक ताणही घटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधनिक-वर्तन उपचार आणि ‘ईएमडीआर’ ही नेत्रहालचालींवर आधारित पद्धत, या दोहोंची शिफारस मुलांसाठी आहे. अत्याचारात सहभाग नसलेल्या पालकाला उपचारात सामील करून घेण्यावर संघटनेने २०१७ च्या सूचनांत भर दिला.

‘आमच्यासारख्या आडगावी एवढे तज्ज्ञ कोठून आणायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला आफ्रिकेतून उत्तर मिळते. झांबियाची राजधानी लुसाका येथे २५७ मुलांच्या अभ्यासात हाच उपचार, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांनी दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली. मोठी पदवी नसलेली, पण नीट शिकलेली आणि देखरेखीखाली काम करणारी व्यक्तीही चालते. प्रशिक्षण आणि देखरेख मात्र हवीच.

औषधांविषयीही गैरसमज आहेत. मुलांतील आघातोत्तर तणावासाठी नैराश्यविरोधी गोळ्या किंवा झोपेची औषधे प्राथमिक पातळीवर देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचना सांगतात. तीव्र नैराश्य, आत्मघाताचे विचार किंवा अन्य विकार असल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषध देऊ शकतात. ते मनानेच बंद करू नये. परंतु पाच मिनिटांच्या भेटीत केवळ गोळ्यांची चिठ्ठी हाती पडली, तर ‘बोलण्याचा उपचार कोण करणार?’ असे नम्रपणे विचारावे.

वेंगुर्ल्याहून वाट कशी?

तालुक्यातील उपजिल्हा रुग्णालय ही पहिली पायरी. तेथून ओरोस (सिंधुदुर्गनगरी) येथील जिल्हा रुग्णालयाकडे संदर्भचिठ्ठी घेता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता यांचे पथक अभिप्रेत आहे. एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी खर्च करून जाण्यापूर्वी कोणत्या वारी कोण उपलब्ध आहे, याची दूरध्वनीवरून खात्री करावी. बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हा न्यायालय यांच्यासाठीही जिल्ह्याच्या ठिकाणीच जावे लागत असल्याने शक्य तेथे एकाच फेरीत कामे जुळवावीत.

गोव्यातील बांबोळी वेंगुर्लेकरांना नवी नाही. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातच मनोविकार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे ‘आयपीएचबी’ आहे. गोव्याबाहेरील रुग्णांना लागू असणाऱ्या शुल्काची चौकशी आधी करावी. गोव्यातीलच ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून बालविकास आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. मुंबईत नातेवाईक असणाऱ्यांना, बाललैंगिक अत्याचाराच्याच प्रश्नावर २००६ पासून काम करणाऱ्या ‘अर्पण’ संस्थेशी संपर्क साधता येईल. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय जुने आणि परिचित असले, तरी अशा बहुसंख्य मुलांना दाखल होण्याची गरज नसते. बाह्यरुग्ण उपचार पुरेसे ठरतात.

प्रत्येक आठवड्याला प्रवास शक्य नसल्यास पहिल्या काही बैठका समक्ष आणि पुढील काही व्हिडिओद्वारे होतील का, हे विचारावे. त्यासाठी घरात मुलाला मोकळेपणाने बोलता येईल अशी बंद दाराची खोली हवी.

उपचारकाला विचारावयाचे प्रश्न

‘समुपदेशक’ अशी पाटी अल्पमुदतीच्या वर्गानंतरही लावलेली आढळते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, तर मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे असते. पालकांनी संकोच न करता पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. आपली पात्रता आणि नोंदणी कोणती? अत्याचारपीडित मुलांबरोबर यापूर्वी काम केले आहे काय?
२. आपण कोणती पद्धत वापरणार? सुमारे किती बैठका लागतील?
३. आम्हा पालकांचा सहभाग कसा असेल?
४. मूल सुधारत आहे हे कशावरून आणि कधी ठरविणार?
५. काय गुप्त राहील आणि काय कायद्याने कळवावे लागेल?

पहिल्याच दिवशी मुलाला सारे सांगण्याची सक्ती करणारा, ‘विसरून जा’ एवढाच उपदेश करणारा, पालकांना पूर्णपणे दूर ठेवणारा किंवा आरोपीला मुलासमोर बसवून ‘समेट’ घडवू पाहणारा उपचारक टाळावा. आरोपी घरातीलच असेल, तर त्याला मुलापासून दूर ठेवणे ही उपचाराची पहिली अट आहे. धोका कायम असताना भीती जाणार कशी?

मुलग्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ‘मुलग्याला काय होते?’ या समजापायी त्यांना उपचारापर्यंत आणलेच जात नाही. पालकांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. अपराधीपणाने खचलेल्या आईला आणि संतापाने पेटलेल्या वडिलांनाही समुपदेशनाची गरज असते.

खर्चाचे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार, बलात्कार व ‘पोक्सो’खालील गंभीर गुन्ह्यांतील पीडितांना सरकारी तसेच खासगी रुग्णालयांनी तातडीचे उपचार विनामूल्य द्यावयाचे आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. राज्य शासनाची २०१३ पासूनची ‘मनोधैर्य’ योजना अत्याचारपीडित महिला व बालकांना अर्थसाहाय्य आणि पुनर्वसनाचा आधार देते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे संपर्क साधावा. याच प्राधिकरणाकडून विनामूल्य वकीलही मिळतो. विशेष न्यायालय खटल्याच्या निकालापूर्वीच अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. त्यासाठी केलेल्या अर्जात उपचारांचा व प्रवासाचा खर्च नमूद करावा आणि पावत्या, एसटीची तिकिटेसुद्धा, जपून ठेवावीत.

तातडीचे क्रमांक

चाइल्डलाइन : १०९८ (संकटातील मुलांसाठी, विनामूल्य, २४ तास)
पोलीस व आपत्कालीन साहाय्य : ११२
टेलि-मानस : १४४१६ (मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला, २४ तास, मराठीतूनही बोलता येते)

मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नजीकच्या रुग्णालयात न्यावे.